फळ्यावरचे कोडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात मी आजवर जी कामे केली ती पापडाच्या लाट्या करण्याची आणि सतरंज्या घालण्या-उचलण्याची. म्हणून 'यंदा तुम्ही बोला' असा निरोप आला, तेव्हा मी सेक्रेटरीबाईंना म्हटले, "अहो, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "फळ्याबद्दल बोला. फळा तुमचाच आहे."

फळा माझा नाही, मंडळाचा आहे. पण रोज सकाळी दूध तापवून झाले की खाली येऊन त्यावर खडूने एक कोडे लिहायचे, हे काम गेली चार वर्षे मी करते आहे. सुरुवात अगदी सहज झाली. फळ्यावर 'भिशीची रक्कम आणावी', 'सोमवारी भजन पाच वाजता' एवढेच काय ते असायचे. एक दिवस सूचना नव्हती. रिकामा फळा मला बघवेना. मुलाच्या पुस्तकातले एक कोडे आठवले, ते माझ्या भाषेत लिहिले : दिसायला सारख्या नऊ बांगड्या आहेत. त्यांतली एक पोकळ, म्हणून किंचित हलकी. तराजू आहे, वजने नाहीत. दोनदाच तोलून हलकी बांगडी शोधा.

दुपारपर्यंत फळ्यापुढे पाच-सहा जणी उभ्या. एक म्हणे, चार-चार घाला. दोन्ही पारडी सारखी राहिली तर बाहेर राहिलेली नववी हलकी, काम एका तोलातच झाले. पण सारखी राहिली नाहीत तर? मग चारांतून एक शोधायला आणखी दोन तोल लागतात, म्हणजे तीन झाले. नशिबावर सोडलेले उत्तर चालत नाही. वाद इतका रंगला की एकीची भाजी करपली, हे येथे सांगायला हरकत नाही, कारण त्या बाई स्वतःच सगळ्यांना सांगत असतात. तेवढ्यात आमच्या भाजीवाल्या मावशी आल्या. त्यांना वाचता येत नाही. कोणीतरी कोडे वाचून दाखवले. त्यांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली, क्षणभर आपल्या हातातल्या तराजूकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तीन-तीन घाला की!" बरोबर. एक पारडे वर गेले तर हलकी बांगडी त्या तिघींत, दोन्ही सम राहिली तर बाहेरच्या तिघींत. मग उरलेल्या तिघींतल्या दोघी समोरासमोर तोलायच्या. संपले. जन्मभर तराजू धरलेल्या हाताला जे कळले ते आम्हां शिकलेल्यांना तासभर कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसायला गेले तर दोघींनी विचारले, "आज काय?" तेव्हापासून खंड नाही.

कोडी घालणे ही आपल्याकडची फार जुनी मौज आहे, हे मला पुढे वाचताना कळले. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, ती गणिताची पोथी. पण तिच्यात हंस आहेत, भुंगे आहेत, माकडे आहेत आणि पुष्कळ गणिते एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. लीलावती ही त्यांची मुलगी, आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा मात्र 1587 साली त्या पोथीचे फारसी भाषांतर झाले त्यात सांगितलेली आहे. मूळ पोथीत ती नाही. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. कथेपेक्षा मला ती नोंद अधिक आवडते.

त्यातले वेळूचे कोडे मी फळ्यावर घातले होते. 32 हात उंच वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? शाळेत वर्ग आणि वर्गमूळ शिकलेल्यांनी ते कागदावर सोडवले. मला ते जमेना. मी खराट्याचा एक लांब हीर घेतला, 32 बोटांवर कापला, आणि निरनिराळ्या ठिकाणी मोडून जमिनीशी लावून पाहिला. दोन हीर वाया गेले. तिसरा बाराव्या बोटावर मोडला तेव्हा टोक बरोबर सोळा बोटांवर टेकले. उत्तर 12 हात! मग भाचीने समजावले की 12 चा वर्ग 144, 16 चा 256, दोन्ही मिळून 400, आणि 400 म्हणजे 20 चा वर्ग; आणि 12 नि 20 मिळून 32. पण खरे सांगू? तिने सांगितले ते मला पटले, हिराने दाखवले ते मला कळले.

आता जरा आपल्या जवळच्या माणसाविषयी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव किती जणींनी ऐकले आहे? 1905 साली डहाणूला जन्मले, देवळालीला शाळामास्तर होते. मोठ्या विद्यापीठाची खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही. पण आकड्यांशी खेळण्याचे विलक्षण वेड. आकड्यांच्या एका जातीला त्यांनी 'डेम्लो' असे नाव दिले, कारण ती कल्पना सुचली तेव्हा ते डोंबिवलीच्या स्टेशनात होते आणि त्या स्टेशनाचे नाव तेव्हा डेम्लो असे होते. म्हणजे गाडीची वाट पाहता पाहता आपण शेंगा खातो, तर हे गृहस्थ हिशेब करीत होते.

त्यांचे सगळ्यांत गाजलेले कोडे त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. कोणतेही चार आकडे घ्या, फक्त चारही एकच नकोत. ते मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. 1947 घ्या. 9741 वजा 1479 म्हणजे 8262. मग 8622 वजा 2268, आले 6354. मग 6543 वजा 3456, आले 3087. मग 8730 वजा 0378, आले 8352. मग 8532 वजा 2358, आले 6174. आता 6174 चे तसेच करा : 7641 वजा 1467, पुन्हा 6174! तेथून पुढे जायला वाटच नाही. कोठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही या आकड्याच्या दारात येता.

हे मी फळ्यावर लिहिले त्या आठवड्यात आपल्या इमारतीत एकही आकडा सुटला नाही. विजेच्या मीटरचे आकडे, बसचे नंबर, एका आजीबाईंनी तर आपल्या पेन्शनच्या पुस्तकातले आकडे घेतले. सगळ्यांचे 6174. एकीचे येईना, ती रडकुंडीला आली. पाहिले तर हातचा चुकला होता. काही पंडितांना कापरेकरांचे हे काम पोरखेळ वाटे. पुढे 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मोठ्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. 1986 साली ते गेले. आज या आकड्याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. मास्तरांनी हे काही कोणाच्या बक्षिसासाठी केले नव्हते, हे लक्षात असू द्या. मला पुढे त्याचा उपयोग करायचा आहे.

रोज आकडे नकोत म्हणून अधूनमधून स्वयंपाकघरातले प्रश्नही घालते. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल का होतो? यावर कोणी म्हणाले कापडाचा रंग, कोणी म्हणाले साबण वाईट. तळमजल्यावरच्या काकूंनी उत्तर दिले : "अगं, हळदीचंच तर कुंकू करतात!" हळदीतल्या रंगाचा गुणच असा की क्षार लागला की तो तांबडा होतो आणि आंबट लागले की पुन्हा पिवळा. लिंबू पिळून सगळ्यांनी करून पाहिले. तवा कडकडीत तापला की पाण्याचा थेंब चटकन आटत नाही, मण्यासारखा धावतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी होते, हेही त्यातलेच.

आता थोडे निराळे बोलते.

'रोज कोडी सोडवा, स्मरणशक्ती टिकते', असे मोबाईलवर पुष्कळ येते. मला ते खोटे पाडायचे नाही, पण मुलीने शोधून वाचून दाखवले ते सांगते. अमेरिकेत 65 वर्षांपुढच्या सुमारे 2,800 माणसांना निरनिराळे सराव देऊन पाहिले. 2002 साली निष्कर्ष छापून आले. ज्याने ज्या गोष्टीचा सराव केला, तो त्या गोष्टीत सुधारला. रोजच्या व्यवहारात मात्र तेव्हा फरक दिसला नाही. दहा वर्षांनी त्यांतल्या काहींनी कामे जरा सोपी वाटतात असे सांगितले, इतकेच. आणि असे खेळ विकणाऱ्या तिकडच्या एका कंपनीला जाहिरातीतले दावे पुराव्याने दाखवता आले नाहीत, म्हणून 2016 साली 20 लाख डॉलर भरावे लागले.

हे मला आधी ठाऊक असते तर बरे झाले असते. माझ्या सासूबाई विसरू लागल्या होत्या. दूध आले का, हे तीन-तीनदा विचारायच्या. कोणीतरी मला सांगितले, त्यांना रोज गणिते घाल. मी वही केली. दुपारची जेवणे झाली की समोर बसवायची. शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा. ज्यांनी बारा माणसांचा संसार पावकी-निमकीवर तोंडी चालवला त्या माउलीच्या उत्तरांपुढे मी पेन्सिलीने बरोबर-चूक अशा खुणा करीत होते! एक दिवस त्या त्र्याण्णव म्हणाल्या, शहाऐंशी म्हणाल्या, आणि थांबल्या. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, उद्या पाठ करून येते."

मी वही मिटली. शाळेत तोंडी हिशेबाच्या तासाला उभे केले की घरी येणारे उत्तरही मला येत नसे. ते पाय कापणे मी विसरले नव्हते, आणि तेच मी त्यांना देत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न घालणे बंद केले. म्हटले, "आई, तुम्हीच मला कोडे घाला." आणि लहानपणचे उखाणे बाहेर येऊ लागले. नाव घ्यायचे नव्हेत, घालायचे उखाणे. कोणाचे उत्तर कांदा, कोणाचे जाते, कोणाचे सावली. मला खरोखरच येत नसत. मी हरले की पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांचे विसरणे थांबले नाही. शेवटच्या वर्षी माझे नावही त्यांना आठवत नव्हते. एकच उखाणा एका दुपारी पाच वेळा घालायच्या, आणि पाचही वेळा मी विचार करून उत्तर द्यायची. त्यांना जाऊन आता पाच वर्षे झाली. दर गुरुवारी फळ्यावर उखाणा असतो, तो त्यांचा.

हे घरातले येथे का काढले, तर यंदा कार्यकारिणीपुढे एक सूचना आहे. फळ्याची स्पर्धा करावी, उत्तरापुढे नाव लिहावे, गुण द्यावेत, आणि वर्षअखेर पहिलीला पैठणी द्यावी. सूचना चांगल्या मनाने आली आहे. पैठणी मलाही आवडते. रांगोळीला बक्षीस द्या, पाककृतीला द्या. पण फळ्याला नको, अशी माझी हात जोडून विनंती आहे. मी एकदा ते करून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी सर्वांत आधी उत्तर देणारीचे नाव मी आठवडाभर लिहिले होते. पहिल्या दिवशी फळ्याखाली अकरा उत्तरे होती, शनिवारी तीन. बाकीच्या कोठे गेल्या? दोन जणींनी मला जिन्यात गाठून उत्तर कानात सांगितले, चुकले तर कोणी हसू नये म्हणून. एक तिसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली आणि म्हणाली, "आता काय उपयोग?" आणि भाजीवाल्या मावशी तर फळ्याकडे फिरकल्याच नाहीत, त्यांना नाव लिहिता येत नाही. नाव पुसले तेव्हा महिन्याभराने सगळ्या परत आल्या. कार्यकारिणीने निर्णय घ्यावा, मी तो मानीन. पण हे माहीत करून घेऊन घ्यावा.

जाताना आजचे कोडे देते, कारण सणामुळे सकाळी फळा रिकामा राहिला. एका वाण्याकडे फक्त चार वजने आहेत. तेवढ्यांवर तो एक किलोपासून चाळीस किलोपर्यंत कोणतेही पुरे किलो एकाच तोलात देतो. तर ती वजने कोणती? एवढे लक्षात ठेवा की वजन मालाच्या पारड्यातही घालता येते. दोन किलो साखर द्यायची तर तो काय करील, येथून सुरुवात करा.

उत्तर मला आता सांगू नका. सोमवारपर्यंत फळा पुसणार नाही, खडू खाली कोनाड्यात आहे.  चहा झाला आहे असे मागून खुणावताहेत, तेव्हा बसते.