रेखांश माणसानेच सांगायचा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी मूळचा यवतमाळचा. नोकरी मात्र मुंबईला, विमानांच्या देखभालीत झाली. सोसायटीतली मुलं विचारतात, "आजोबा, ढगांत विमानाला रस्ता कसा सापडतो?"

जीपीएस नव्हतं तेव्हाही, १९७१ साली एअर इंडियाकडे आलेल्या जम्बोमध्ये 'आयएनएस' यंत्रणा होती. उड्डाणाआधी विमान काही मिनिटं जागचं हलवायचं नाही. तेवढ्यात तिचे जायरो तासाला १५ अंश फिरणाऱ्या पृथ्वीवरून उत्तर दिशा शोधत. अक्षांशाचा अंदाजही तिला येई. रेखांश मात्र कळत नसे. तो माणसानेच सांगायचा.

एकदा मी मुंबईचा रेखांश ७२ ऐवजी ७३ अंश टाकला. तिथे एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर! यंत्राने मुकाट्याने मान्य केलं. ज्येष्ठ सहकाऱ्याने आकडे पुन्हा वाचले, म्हणून निभावलं बरं का!

आपल्या हिशोबावर २५ वर्षं दोघांच्या सह्या होतात. काहींना तो अविश्वास वाटतो. तसं नाही हो. आपली चूक आपल्याला दिसत नाही. ही पद्धत नव्या कार्यकारिणीनेही मोडू नये, एवढीच विनंती.