लॅपटॉपमधली बदली : हार्ड डिस्कवरून एसएसडीकडे

 

आजचा विषय घरातल्या जुन्या लॅपटॉपचा. बटण दाबलं, चहा टाकला, चहा पिऊन झाला, तरी पडद्यावर ते गोल फिरतंच आहे. मुलं म्हणतात, टाकून द्या, नवा घ्या. माझं म्हणणं, आधी त्याची डिस्क बदलून बघा. डिस्क बदलली तरी आतली विंडोज, तुमचे प्रोग्रॅम, फायली, फोटो, सगळं आहे तसं नव्या डिस्कवर नेता येतं. ते कसं न्यायचं आणि नेताना काय सांभाळायचं, एवढंच आज बोलणार आहे.

मी सिग्नल्समध्ये नोकरी केलेला, साधा बी.एस्सी. झालेला माणूस. कॉम्प्युटर इंजिनियर नाही. पण निवृत्तीनंतर घरच्या आणि ओळखीच्या लोकांच्या बऱ्याच लॅपटॉपांची ही बदली मी करून दिली आहे.

आधी लॅपटॉप हळू का होतो ते समजून घेऊ. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. त्यावर एक छोटी सुई पुढे-मागे जाऊन माहिती वाचते. ग्रामोफोनसारखंच समजा, फक्त ही सुई चकतीला टेकत नाही. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा साधारण १८०वा भाग लागतो. शिवाय सुई सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली वाचते, तेव्हा हा वेळ साचत जातो. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप्स. ती हीच जागा शंभरपट लवकर गाठते. म्हणून प्रोसेसर तोच, मेमरी तीच, आणि तरी लॅपटॉप नवा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. पलटण एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जाते तेव्हा आधी ॲडव्हान्स पार्टी जाते. ती नवी जागा बघते, ताब्यात घेते. मग पलटण हलते. आणि जुन्या जागी रिअर पार्टी मागे राहते. तिकडे सगळं नीट लागलं, मोजदाद जुळली, की मगच ती निघते. डिस्क बदलताना नियम हाच. नवी डिस्क कामाला लागून काही आठवडे जाईपर्यंत जुनी डिस्क पुसायची नाही, विकायची नाही, कोणाला द्यायची नाही. आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

का सांगतो? माझ्या एका कोर्समेटने लॅपटॉप दुकानात दिला. एसएसडी टाकून दिली, नवी विंडोज घालून दिली, तासाभरात काम झालं. जुनी डिस्क त्याने मागितली नाही, दुकानदाराने दिली नाही. महिन्याभराने वहिनींचे फोटो शोधायला गेला. वहिनी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दुकानात विचारलं तर डिस्क पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये गेली होती. दुकानदाराने सांगितलं होतं तेवढं काम चोख केलं. ‘आतलं सगळं इकडे आणा’ हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. लॅपटॉप मात्र आता छान पळतो.

तेव्हा ही तयारी करा.

पहिली गोष्ट, कोणती एसएसडी बसेल ते बघा. तीन प्रकार आहेत. एक अडीच इंची साटा, जी जुन्या हार्ड डिस्कच्या जागीच बसते. दुसरी आणि तिसरी एम.२ म्हणतात ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी. त्यातही काही साटा, काही एनव्हीएमई. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. लॅपटॉपचं मॉडेल लिहून घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, मगच पैसे द्या.

दुसरी, जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, तो डिस्क ठीक आहे की नाही सांगतो. निळा म्हणजे बरी, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे वाईट. पिवळा किंवा लाल दिसला, किंवा आतून टकटक ऐकू आली, तर बदलीचा विचार बाजूला ठेवा. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. आजारी डिस्कला अख्खी वाचायला लावलं तर ती वाटेतच जीव सोडू शकते.

तिसरी, डिस्क बरी असली तरी महत्त्वाचं सगळं आधी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. पेन्शनचे कागद, मेडिकलचे कागद, फोटो. आणि उतरवल्यावर चार-पाच फायली उघडून बघा.

चौथी, बिटलॉकर. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर लिहा. कागदावरच, त्याच लॅपटॉपमध्ये नाही! मग कुलूप काढून टाका. डिस्क उलगडायला वेळ लागतो, लागू द्या.

आता प्रत्यक्ष काम. सी ड्राइव्हवरच्या फायली कॉपी-पेस्ट केल्या की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. लॅपटॉप सुरू करून देणारा एक छोटा भाग डिस्कवर वेगळा असतो, एक दुरुस्तीचा असतो, आणि ते एक्स्प्लोररमध्ये दिसतही नाहीत. म्हणून डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची, त्याला क्लोनिंग म्हणतात. काही एसएसडी कंपन्या त्यासाठी प्रोग्रॅम देतात. क्लोनझिला मोफत आहे, पण त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. नवी डिस्क साटा-टू-यूएसबी केबलने बाहेरून जोडा. एम.२ असेल तर त्याची वेगळी केसिंग मिळते. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि क्लोन करा. डिस्क किती भरली आहे त्यावर एक ते काही तास लागतात.

इथे एकच जागा खरी धोक्याची आहे. प्रोग्रॅम विचारतो, कुठून आणि कुठे? सोर्स आणि टार्गेट. हे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते, आणि सगळं जातं. डिस्क १, डिस्क २ या आकड्यांवर विसंबू नका. दोन्ही डिस्कांची कंपनी आणि आकार आधी कागदावर लिहा, पडद्याशी ताडून बघा, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. मगच पुढचं बटण.

क्लोन झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, बॅटरीचा जोड सोडवा. हात आधी कुठल्यातरी धातूला लावा, अंगातली स्थिर वीज जाते. कोणता स्क्रू कुठला, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. लांबीत फरक असतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल किंवा झाकण उघडायचा धीर नसेल तर हे दुकानात समोर बसून करून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा जुनी डिस्क जोडलेली नको. दोन जुळ्या एकदम दिसल्या की विंडोजचा गोंधळ होतो. विंडोजचं लायसन्स बहुधा मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते सहसा जात नाही. नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जोडून घ्या.

काहींनी क्लोन करू नये. विंडोज आधीच बिघडलेली, व्हायरस लागलेला, तर तोच कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज उतरवा आणि कोरी घाला. आणखी एक. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. क्लोन केली तर तीच जुनी १० येते. तुमचा लॅपटॉप ११ घेत नसेल, तर नुसतं इंटरनेट, ईमेल आणि व्हिडिओ कॉल करणाऱ्याने लिनक्स मिंटचा विचार करावा.

शेवटी जुनी डिस्क. पन्नास-साठ दिवस तशीच ठेवा, वर तारखेची चिठ्ठी लावून. मग केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरा. कारण हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा कुरकुर करते, एसएसडी पुष्कळदा न सांगता जाते, आणि तिच्यातून पुसलेलं परत मिळणं फार अवघड. वेग मिळाला म्हणून बॅकअप सोडू नका. आणि डिस्क भंगारात द्यायचीच असेल तर नुसतं क्विक फॉरमॅट पुरत नाही, माहिती आत तशीच असते. पूर्ण पुसूनच द्या.

थोडक्यात, तब्येत बघा, कुलूप काढा, दिशा दोनदा तपासा, आणि रिअर पार्टी लवकर हलवू नका. हजार-दोन हजारांचा लॅपटॉप असेल तुमचा आज, पण आतला ऐवज बाजारात मिळत नाही.