इंग्रजी वाक्याचे साचे

शाळेंत सहा-सात वर्षें इंग्रजी शिकलेला मुलगा व्याकरणाचे नियम धडाधड म्हणून दाखवितो. नामाची व्याख्या, क्रियापदाचे काळ, कर्मणिप्रयोगाचे नियम, सारें त्याला मुखोद्गत असतें. परंतु घरीं आलेल्या पाहुण्यानें इंग्रजींत साधा प्रश्न विचारला, कीं तोच मुलगा गांगरून जातो. आधीं तो मनांत मराठी वाक्य जुळवितो, मग शब्दाला शब्द ठेवून त्याचें इंग्रजी करूं लागतो, आणि तेथेंच फसतो. हा दोष त्याच्या बुद्धीचा नाहीं, पाठांतराचाही नाहीं. इंग्रजींत अर्थाचा बराचसा भार सुट्या शब्दावर नसून वाक्याच्या साच्यावर असतो, ही गोष्ट त्याला कोणीं नीट सांगितलेली नसते.

‘रामानें रावणास मारिलें’ हें वाक्य ‘रावणास रामानें मारिलें’ असें फिरविलें, तरी मारणारा रामच राहतो. कारण कर्ता कोण व कर्म कोण हें ‘नें’ आणि ‘स’ हे प्रत्यय सांगतात. इंग्रजींत ‘राम किल्ड रावण’ यांतील दोन नांवांनीं आपल्या जागा बदलल्या, कीं सबंध रामायण उलटें होतें. तेथें शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय. सुमारें हजार वर्षांपूर्वीं इंग्रजीलाही विभक्तीचे प्रत्यय होते. पुढें ते झिजत गेले आणि त्यांचें काम शब्दांच्या क्रमाकडे आलें. ‘ही’ आणि ‘हिम’ यांसारख्या सर्वनामांत मात्र त्या जुन्या विभक्तीची खूण अद्याप शिल्लक आहे.

प्रश्नाचा साचा पाहावा. मराठींत विधानापुढें ‘का’ ठेविला कीं प्रश्न झाला: ‘तुम्ही चहा घेतां का?’ इंग्रजींत हें काम ‘डू’ हा शब्द वाक्याच्या आरंभीं उभा राहून करितो. या ठिकाणीं त्याचा ‘करणें’ हा अर्थ शोधूं नये. तो केवळ ललकारी देणारा चोपदार आहे. मात्र काळाची खूण तो स्वतःकडे घेतो. म्हणून ‘डिड यू गो?’ हें बरोबर आणि ‘डिड यू वेंट?’ हें चूक. भूतकाळ एकदां ‘डिड’मध्यें आला, पुन्हा ‘वेंट’मध्यें आणण्याचें कारण उरत नाहीं.

‘हॅव’चा साचा याहून फसवा. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्यापाशीं पैसे आहेत’, ‘तिला ताप आहे’ या तिन्ही मराठी रचनांस इंग्रजींत एकटा ‘हॅव’ पुरतो. पण आपल्याकडे ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असें हटकून ऐकूं येतें. ‘इंग’चा साचा चालू असलेल्या क्रियेसाठीं आहे, आणि भाऊ असणें ही कांहीं चालू क्रिया नव्हे. ‘वुई आर हॅविंग डिनर’ हें मात्र शुद्ध आहे. कारण तेथें जेवण खरोखरच चाललेलें असतें.

हाच ‘हॅव’ भूतकाळाशीं जोडला जातो, तेव्हां मराठी मनुष्य पुन्हा अडखळतो. ‘मीं त्याला काल पत्र लिहिलें आहे’ असें मराठींत खुशाल म्हणतां येतें. इंग्रजींत ‘आय हॅव रिटन टू हिम’ चालतें. त्याला ‘यस्टर्डे’ जोडलें कीं साचा मोडतो. हा साचा कालच्या गोष्टीचा आजशीं संबंध सांगतो. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणणाऱ्याची किल्ली हरवली आहे आणि तो अद्याप दाराबाहेर उभा आहे. ‘काल’ हा शब्द आला, कीं तें प्रकरण कालच्या दिवसांत बंद होतें. मग ‘आय रोट टू हिम यस्टर्डे’ असा साधा भूतकाळच हवा.

आतां आदराची गोष्ट. मराठींत ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजींत आज व्यवहारांत एकटें ‘यू’ आहे. त्यानें नोकरालाही हाक मारावी आणि न्यायाधीशालाही. म्हणून तेथें अदब सर्वनामांत न राहतां क्रियापदांत राहते. ‘कॅन’ऐवजीं ‘कुड’ आणि ‘विल’ऐवजीं ‘वुड’ म्हटलें, कीं विनंती मृदु होते. रूप भूतकाळाचें, पण मागणी आतांची. रजेच्या अर्जांत ‘आय वॉन्ट लीव्ह’ असें लिहिणाऱ्या होतकरू तरुणाच्या मनांत उद्दामपणा नसतो. साहेबाला मात्र तो दिसतो.

याहून गंभीर प्रसंग ‘येस’ आणि ‘नो’ या दोन इवल्याशा शब्दांचा. मुलाकडे इंग्लंडांत गेलेल्या एखाद्या आजीला डॉक्टर विचारतो, ‘हॅवन्ट यू टेकन द टॅब्लेट?’ आजी सरळपणें ‘येस’ म्हणते. ‘गोळी घेतली नाहीं ना?’ या प्रश्नास ‘होय, नाहीं घेतली’ असें उत्तर देण्याची आपली रीत आहे. विचारणाऱ्याचें म्हणणें खरें आहे, एवढाच त्या ‘होय’चा अर्थ. इंग्रजी ‘येस’ प्रश्नाकडे पाहत नाहीं, घडलेल्या गोष्टीकडे पाहतें. डॉक्टर समजतो कीं गोळी घेतली. आजीची गोळी राहून जाते. उपाय सोपा आहे. एका शब्दावर न थांबतां ‘नो, आय हॅवन्ट’ असें पुरें म्हणावें. ‘नो’बरोबर नकार आणि ‘येस’बरोबर होकार, ही जोडी मोडूं देऊं नये.

अशा साच्यांचें महत्त्व ए. एस. हॉर्नबी यांनीं जपानांत इंग्रजी शिकवितांना ओळखलें. १९४२ सालीं टोकियोंत निघालेल्या त्यांच्या कोशांत शब्दाच्या अर्थाबरोबर क्रियापद कोणत्या साच्यांत बसतें हेंही दाखविलेलें होतें. पुढें १९५४ सालीं त्यांनीं साच्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणें, एवढें सांगून भागत नाहीं. ‘विषयीं चर्चा’ या मराठी सवयीनें मुलगा त्यापुढें ‘अबाउट’ जोडतो. वास्तविक ‘डिस्कस’ला कर्म थेट लागतें, मध्यस्थ नको असतो.

पालकांनीं म्हणून मुलाकडून दहा व्याख्या वदवून घेण्यापेक्षां रोज एकच साचा घ्यावा आणि त्यांत घरांतलींच दहा वाक्यें ओतून घ्यावीं: चहाचीं, शाळेचीं, पावसाचीं, हरवलेल्या छत्रीचीं. साचा जिभेवर बसला, कीं नियम मागाहून आपोआप उमगतो. पाहुणा दाराशीं येईल तेव्हां मुलाला मराठी वाक्य मोडून इंग्रजी जुळवीत बसावें लागणार नाहीं. उत्तर त्याच्या ओठांवर तयार असेल.