कोणी सांगितलं गं तुला?



आज बचतीचं किंवा कर्जाचं काही सांगणार नाही. आज बोलायचंय सिनेमाबद्दल आणि बातमीबद्दल.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक मराठी सिनेमाची भारी वेडी. कॉलेजात असताना तिनं इन्स्टाग्रामवर एक पेज सुरू केलं. सुरुवातीला नुसते नटनट्यांचे फोटो आणि डायलॉग. आमच्या तालुक्याला थिएटर नाही. मराठी सिनेमा बघायचा तर जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. तिथंही दिवसाला एखादाच खेळ असतो, आणि या शुक्रवारी लागलेला सिनेमा पुढच्या शुक्रवारी असेलच याचा भरवसा नाही. मग ही पोरगी थेट थिएटरला फोन लावायची, खेळाची वेळ विचारायची आणि पेजवर टाकायची. आमच्या बायका एसटीची वेळ आणि तिचं पेज बघून बेत ठरवायच्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘गोदावरी’ लागला, तेव्हा आम्ही सातजणी असंच जाऊन आलो. तिनं सांगितलेली वेळ पाच मिनिटांनीही चुकली नाही.

हळूहळू लोक तिला बाकीचंही विचारायला लागले. अमका सिनेमा कधी येणार? तमका नट आजारी आहे म्हणतात, खरं का? हौसेचं पेज बातमीचं पेज झालं. ते नक्की कधी झालं, हे तिलाही कळलं नाही.

त्याच महिन्यात विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. ‘नटसम्राट’मध्ये त्यांनी केलेला रामभाऊ आपण कोण विसरलोय? ‘अनुमती’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. २३ तारखेच्या रात्री या मुलीच्या पेजवर त्यांचा काळ्या चौकटीतला फोटो आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी भांडी आवरून नुकताच मोबाइल हातात घेतला होता. वाचलं, वाईट वाटलं, आणि लगेच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलं. बघता बघता सगळ्यांचे जोडलेले हात खाली येऊन पडले.

दुसऱ्या दिवशी कळलं, ते गेलेलेच नव्हते. त्यांच्या पत्नीला सांगावं लागलं की प्रकृती फार गंभीर आहे, पण ते आहेत. मोठमोठ्या कलाकारांनीही रात्री श्रद्धांजली वाहून टाकली होती.

मैत्रिणींनो, मला माझे सासरे आठवले. ते अतिदक्षता विभागात होते, तेव्हा गावात कुणीतरी उठवलं की म्हातारा गेला. आम्ही रुग्णालयाच्या पायरीवर बसलेलो, आणि पाहुण्यांचे फोन, ‘कधी आणताय?’ सासूबाईंचा चेहरा मला आजही दिसतो. ते सगळं माहीत असून मी त्या रात्री दुसऱ्याच्या घराला तेच केलं होतं.

इकडं पोरीनं घाबरून पोस्ट गुपचूप काढून टाकली. शुक्रवारी आमची बैठक होती. तिची आई तिला घेऊन आली. मी विचारलं, “कोणी सांगितलं होतं गं तुला?”

ती म्हणाली, “ताई, दहा-बारा पेजवर होतं.”

“आणि त्यांना कोणी सांगितलं?”

ती गप्प. खरी गोष्ट अशी की एकानं दुसऱ्याचं बघून टाकलं होतं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. दहा ठिकाणी दिसलं म्हणून दहा जणांनी खात्री केली असं होत नाही. खेळाची वेळ सांगताना हीच पोरगी थिएटरला फोन करायची. त्या रात्री मात्र तिनं कुणालाच विचारलं नाही, कारण मागं पडायची भीती होती.

तेवढ्यात आमच्या गटाची लिपिका बोलली, “अगं, आपल्या कॅशबुकात आकडा चुकला तर आपण पान फाडतो का? पांढरी शाई लावतो का?” लावत नाही. चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा लिहितो आणि सही करतो. चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. म्हणून तर बायका त्या वहीवर विश्वास ठेवतात.

मुलीनं तिथंच बसून लिहिलं: मी खात्री न करता चुकीची बातमी दिली, विक्रम गोखले यांच्या कुटुंबाची माफी मागते. ती पोस्ट पेजवर सगळ्यात वर ठेवली. मग मीही व्हॉट्सअ‍ॅपवर माझी चूक लिहिली. खरं सांगते, बोटं जड झाली होती.

दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, विक्रम गोखले खरोखर गेले. त्या दिवशी पक्कं कळेपर्यंत ती थांबली. तिची पोस्ट उशिरा आली. खाली कुणीतरी लिहिलं, “झोपली होतीस का?” तिनं उत्तर दिलं नाही, आणि पोस्टही काढली नाही.

हे फक्त पोरासोरांच्या पेजवर घडतं असं समजू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र आजारी असताना मोठ्या वाहिन्यांनीही ते गेल्याची बातमी चालवली. हेमामालिनींना स्वतः लिहून ती खोटी असल्याचं सांगावं लागलं. धर्मेंद्र त्यानंतर घरी आले आणि २४ नोव्हेंबरला गेले. ते मधले दिवस त्यांच्या माणसांचे होते.

म्हणून आमच्या गटानं एक ठरवलंय. कुणाच्या आजाराची, मरणाची, अपघाताची बातमी आली की आधी विचारायचं, कोणी सांगितलं? घरच्यांनी? रुग्णालयानं? की नुसतं दुसऱ्या पेजनं? पहिल्या दोघांचं नाव नसेल तर पुढे पाठवायचं नाही. आणि चुकून पाठवलंच, तर जिथं पाठवलं तिथंच चूक कबूल करायची.

तिचं पेज आजही चालू आहे. खेळाच्या वेळा आजही ती फोन करूनच टाकते. आम्ही अजून तिच्याच भरवशावर एसटी पकडतो.