आबांचं पॅलेस थेटर आणि माझी एक्सेल शीट

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की तू सारखा नाटकांबद्दल बोलतोस, हे वेड लागलं कुठून? तर आज तेच सांगतो. आजचा एपिसोड थोडा घरचा आहे. हेडफोन लावा, निवांत ऐका.

मी मूळचा कोल्हापूरचा. बीटेक झालं, नोकरी लागली आणि पुण्यात हिंजवडीला आलो. पण नाटक बघायला शिकलो ते केशवराव भोसले नाट्यगृहात, आबांबरोबर. आबा म्हणजे माझे आजोबा. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत त्यांनी आयुष्य काढलं. ते आजही त्या वास्तूला 'पॅलेस थेटर' म्हणतात, कारण तिचं मूळ नाव तेच.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. तिथली थिएटरं, मैदानं बघून आले आणि पुढे कोल्हापुरात दोन गोष्टी शेजारी शेजारी बांधल्या. एक खासबाग कुस्ती मैदान आणि दुसरं हे नाट्यगृह, १९१५ सालचं. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला शड्डू आणि दुसऱ्या बाजूला नांदी! हे कॉम्बिनेशन फक्त कोल्हापुरातच सुचू शकतं.

नंतर नाव दिलं ते केशवराव भोसल्यांचं. कोल्हापूरचाच माणूस, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहान वयात 'शारदा' नाटकात शारदेची भूमिका करून गाजला. १९०८ मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षी, स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन सर्वांत मोठे गायक नट एकाच स्टेजवर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय एकतीस. माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे.

आता माझी गोष्ट. मी दहा वर्षांचा असताना आबा मला 'संगीत सौभद्र' बघायला घेऊन गेले. खरं सांगू? मला भयंकर बोअर झालं. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय, तिला अर्जुन हवाय, कृष्ण आतून सगळी सूत्रं हलवतोय. गोष्ट मस्त आहे. पण जरा कुठं पुढं सरकली की कुणीतरी गायला लागायचं. त्यात प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' आला की तेच पद पुन्हा. मी आबांना म्हटलं, "आबा, ही गोष्ट पुढं कधी जाणार?" आबा समोर बघतच म्हणाले, "गोष्ट सगळ्यांना ठावं हाय. गोष्ट ऐकायला कोण आलंय हितं?"

तेव्हा मला काही कळलं नाही. मध्यंतरात बटाटेवडा मिळाला, म्हणून पुढचे अंक सहन केले.

पण सवय लागली. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तर आमची चैन असायची. रोज संध्याकाळी नवं नाटक, तिकीट अगदी नाममात्र. कधी सेट डुगडुगायचा, कधी नट वाक्य विसरायचा. एकदा मरून पडलेल्या माणसाला शिंक आली, तेव्हा अख्खं थिएटर हसलं आणि तोही हसला. पण कधीकधी अशी एखादी संध्याकाळ यायची, की दिवसा बँकेत बसणारा माणूस स्टेजवर उभा राहायचा आणि आपल्याला श्वास घ्यायचं भान राहायचं नाही. बाहेर पडल्यावर आबा काहीच बोलायचे नाहीत. पार घर येईपर्यंत. मग दारात चप्पल काढताना एकच वाक्य, "बरं केलं त्यानं." हे त्यांचं फाइव्ह स्टार रेटिंग.

पुण्यात आल्यावर मी बालगंधर्वला, भरतला, यशवंतरावला नाटकं बघायला लागलो. ॲपवर तिकीट काढायचं, एकटं जायचं. आबांना फोन करून सांगायचो, हे बघितलं, ते बघितलं. ते म्हणायचे, "हिकडं आलास की जाऊ." मी म्हणायचो, "नक्की." पण घरी जायचो तेव्हा लॅपटॉप सोबत. कधी रिलीज, कधी प्रॉडक्शन इश्यू. जुलै २०२४ मध्ये त्यांनी स्वतःहून फोन केला. एक नाटक येतंय, रविवारी ये म्हणाले. मी म्हटलं, "आबा, या महिन्यात नाही जमत. पुढच्या महिन्यात शंभर टक्के."

८ ऑगस्ट, गुरुवार. रात्री मी कॉलवर होतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकामागोमाग व्हिडिओ यायला लागले. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग. छतातून ज्वाळा बाहेर येताना दिसत होत्या. मी कॉल म्यूट करून आबांना फोन लावला. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, तिथून ते सगळं जवळच. आबा गच्चीवर उभे होते. थोडा वेळ नुसता लोकांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "उद्या केशवरावांची जयंती रं." आणि फोन ठेवला.

मी सकाळची पहिली बस धरली. तिथं पोचलो तर रस्त्यावर ही गर्दी. मोठमोठी माणसं, कलाकार, बॅकस्टेजवाले, सगळे रडत होते. दगडी भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. आतलं स्टेज, खुर्च्या, सगळं गेलं होतं. आबा काठी टेकून बघत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. सॉरी म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघालं नाही. त्यांनीच विचारलं, "सौभद्रातलं काय आठवतंय तुला?"

मी म्हटलं, "बटाटेवडा."

ते हसले. त्या गर्दीत, त्या जळक्या वासात हसले. म्हणाले, "मग ते तरी लिहून ठेव."

त्या रात्री मी एक एक्सेल शीट उघडली. सवय, दुसरं काय! कॉलम केले: नाटक, कुणासोबत, कुठं बसलो, मध्यंतरात काय खाल्लं. तेव्हापासून दर रविवारी आबांना फोन करतो. ते सांगतात, मी भरतो. दुसऱ्याच रविवारी त्यांनी एक कॉलम वाढवायला लावला: 'त्या दिवशी घरात काय चाललं होतं'.

आणि मंडळी, खरं सोनं त्या कॉलममध्ये निघालं. 'कट्यार काळजात घुसली' त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते पाळी संपवून, हाताला काळं तसंच, शेवटच्या रांगेमागं उभं राहून. त्या आठवड्यात पगार झाला नव्हता, तिकिटाचे पैसे मित्रानं दिले. लग्नानंतर आजीला पहिल्यांदा नाटकाला नेलं, तर आजी पहिल्या अंकातच झोपली. तिला वगनाट्य आवडायचं, हे त्यांना तेव्हा कळलं! पप्पांचा दहावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळीही आबा थिएटरात. निकाल वाईट होता. घरी गेलो असतो तर हात उचलला असता, म्हणून नाटकाला गेलो, म्हणाले. हे पप्पांनाही माहिती नव्हतं.

आता मला कळतंय आबा तेव्हा काय म्हणाले होते ते. गोष्ट सगळ्यांना ठाऊकच असते. माणसं त्या संध्याकाळसाठी तिथं जातात. आणि ती संध्याकाळ कुठल्याच सर्व्हरवर सेव्ह होत नाही. कुणाला तरी विचारावी लागते, तो माणूस आहे तोवर.

नाट्यगृह पुन्हा उभारायचं काम हाती घेतलंय. पण मी थांबलो नाही. मागच्या महिन्यात रजा टाकली, गाडी केली आणि आबांना सांगलीला नाटकाला घेऊन गेलो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं 'सीतास्वयंवर' केलं, तीच सांगली. नाटक साधंच, कौटुंबिक विनोदी. आबांना अर्धं ऐकू आलं नाही. शेजारच्या काकू दोनदा वळून बघत होत्या, कारण मी त्यांच्या कानात संवाद सांगत होतो. मध्यंतरात वडा खाल्ला. गार होता.

परत येताना गाडीत मी मोबाइलवर शीट उघडली. नाटक क्रमांक बेचाळीस. सगळे कॉलम भरले. शेवटचा राहिला. विचारलं, "आबा, आज घरात काय चाललं होतं? काय लिहू?"

खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "लिही, नातवानं रजा काढली."

तर मंडळी, एवढंच. आज घरी फोन करा आणि जे कुणी मोठं माणूस असेल त्यांना विचारा, तुम्ही पहिलं नाटक कुठलं बघितलं आणि त्या दिवशी घरात काय चाललं होतं? जे ऐकाल ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि रविवारी जवळच्या थिएटरात काय लागलंय ते बघा. दोन तिकिटं काढा.

भेटू. काळजी घ्या.