जातीत केले तरी, जातीबाहेर केले तरी

(नाकाडोंगरी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



मघाशी एका ताईंनी विचारले, स्वतःच्या मनाने लग्न केले म्हणून पोरीला मारतात, ते धर्मामुळे की रीतीमुळे? पुष्कळ जण उत्तर ठरवूनच हा प्रश्न विचारतात. हे त्यांच्या धर्मात होते, नाहीतर तिकडे हरयाणात. आपल्याकडे नाही.

नाशिकला २०१३ साली एका बापाने, आजारपणाचे निमित्त सांगून, गरोदर मुलीला सासरहून नेले आणि रिक्षात गळा आवळून मारले. दिवस भरत आले होते तिचे. जावई जातीबाहेरचा, एवढाच गुन्हा. २०२४ साली सुप्रीम कोर्टाने बापाची फाशी बदलून २० वर्षांची कैद दिली. आता हरयाणातले कैथल बघा. २००७ साली तिथे जोडप्याला मारले, ते दोघे एकाच जातीचे, एकाच गोत्राचे. म्हणजे जातीबाहेर केले तरी मरण, जातीत केले तरी मरण! पाकिस्तानात घरचेच खुन्याला माफ करून सोडवत. तिथे २०१६ मध्ये कायदा बदलावा लागला. धर्म निराळे, रीती निराळ्या. मुलीची चूक मात्र सगळीकडे तीच: तिने स्वतः ठरवले.

म्हणून धर्म सुटला असे मी म्हणत नाही. जातीबाहेर लग्नाची बंदी हाच जातीचा पाया, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवले. त्या पायाला शास्त्रांचा आधार आहे, हेही १९३६ मध्ये सांगितले. रीत राखतात घरचे, आणि दाखला देतात धर्माचा.

खैरलांजी तर आपल्याच जिल्ह्यातली. २९ सप्टेंबर २००६ रोजी आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. ते लग्नाचे प्रकरण नव्हते. पण नंतर चर्चा कशाची? त्या आईच्या चारित्र्याची. बाईची अब्रू म्हणजे गावाची मालमत्ता, हा हिशेब तोच. आपल्यातल्याही काही जणी तसे बोलल्या, हे कबूल करू या.

आता कामाचे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्नाआधी ३० दिवस नोटीस कचेरीत लागते. नाव, पत्ता सगळ्यांना दिसतो. जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, राहायला सुरक्षित जागेचा विचार व्हावा, असे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितले. पण भंडारा इथून लांब. पहिली रात्र ती पोर काढणार कुठे? ज्यांच्या घरी जागा होईल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटा. कागदावर नाव लिहू नका, तोंडीच सांगा.