दुभागलेला कळफलक

टंकयंत्र आता बहुतेक कचेऱ्यांतून नाहीसे झाले आहे. परंतु त्याचा सांगाडा आपण अद्याप जपून ठेवला आहे. संगणकाच्या कळफलकावरील कळा एकीखाली एक सरळ न येता प्रत्येक ओळीत किंचित बाजूला सरकलेल्या असतात, हे आपण पाहिले असेल. त्याचे कारण संगणकात शोधू गेल्यास सापडणार नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी शोल्स व त्याचे सहकारी यांनी टंकयंत्राचे पेटंट १८६८ साली घेतले, आणि त्यांचे सुधारलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ पासून विक्रीस आणले. त्या यंत्रात प्रत्येक कळीमागे एक दांडी होती. या दांड्यांना शेजारून वाट मिळावी म्हणून कळांना तिरपे उभे राहावे लागले. दांड्या केव्हाच गेल्या, तिरपेपणा मात्र राहिला. कारण संपल्यावरही नियम चालू राहतो, याचे आम्हां सरकारी नोकरांस विशेष आश्चर्य वाटत नाही.

आश्चर्य वाटते ते आपल्या मनगटांच्या सोशिकपणाचे. वीतभर रुंदीच्या जागेत दोन्ही हात आणून ठेवले म्हणजे कोपरे अंगाजवळ, बोटे पुढे सरळ आणि मनगटे मात्र करंगळीच्या दिशेने मुरडलेली, अशी स्थिती होते. दिवसाचे सात-आठ तास आणि वर्षानुवर्षे असे चालले की शरीर तक्रार नोंदविते. माझ्या उजव्या मनगटाने ती चाळिशी ओलांडताच नोंदविली. यावर उपाय म्हणून कळफलकाचे दोन भाग करून ते खांद्यांच्या अंतरावर ठेवावेत, आणि दोहोंस आतून बाहेर थोडा उतार द्यावा, ही कल्पना जुनीच आहे. क्रोमर या संशोधकाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिचा प्रयोगांनिशी पुरस्कार केला होता. हे औषध नव्हे, एवढे मात्र आरंभीच सांगतो. मनगट सरळ राहते, इतकाच त्याचा दावा आहे, आणि तो खरा आहे.

असे कळफलक विकतही मिळतात. मग घरी करण्याचा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर मराठी लिपीत आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय वस्तुतः तोच आहे.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळरचना प्रमाण ठरविली. १९९१ च्या भारतीय मानकातही तिला स्थान मिळाले. या रचनेत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. डाव्या मधल्या बोटाखाली हलंताचे चिन्ह, त्याच्या वर काना, तर्जनीखाली पहिली वेलांटी; उजवीकडे मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. म, न, व ही व्यंजने मात्र डावीकडे पाहुणी म्हणून राहिली आहेत. ‘काकूची पाटी’ असे लिहून पाहा: उजवा, डावा, उजवा, डावा, असे हात अखेरपर्यंत आळीपाळीने चालतात. म्हणजे आपल्या बाराखडीने कळफलक मधोमध आधीच विभागलेला आहे. त्यावर करवत चालविणे तेवढे बाकी होते.

पण एक अडचण राहते. या रचनेत क च्या कळीवर ख, ग च्या कळीवर घ, अशी महाप्राण अक्षरे शिफ्टची कळ दाबून मिळतात. ही योजना व्याकरणदृष्ट्या सुंदर आहे. तथापि सगळे स्वतंत्र स्वर, श आणि ष, शिवाय मराठीचे जीव की प्राण असे ण आणि ळ, इतकेच काय, ‘दुसऱ्या’मधला ऱ सुद्धा शिफ्टमध्येच! इंग्रजी लिहिणारा वाक्याच्या आरंभी एकदा शिफ्ट दाबतो. आपण ती शब्दाशब्दाला दाबतो, आणि दाबतो कोणत्या बोटाने? सर्वांत दुबळ्या करंगळीने. अंगठे दोन्ही बलदंड, पण त्यांच्या वाट्याला शब्दांमधील मोकळी जागा सोडण्याखेरीज काम नाही. मजबूत माणसास रिकामे बसवून अशक्तास राबविणारी ही कामवाटणी मला पाहवेना. माझ्या कळफलकात शिफ्ट अंगठ्याखाली आहे. सगळ्या खटाटोपाचे फळ म्हणून एवढे एकच सांगावयाचे झाले, तरी मी तेच सांगेन.

आता रचनेविषयी. एका कोऱ्या कागदावर हात सैल ठेवून बोटांची टोके पेन्सिलीने टिपावीत. मधले बोट सर्वांत पुढे, करंगळी बरीच मागे, असे दिसते. तेव्हा कळांचे उभे स्तंभ बोटागणिक पुढेमागे सरकवावयाचे, ओळी तिरप्या करावयाच्या नाहीत. दोन कळांच्या मध्यांत १९ मिलिमीटर अंतर ठेवले. प्रत्येक हाताला सहा स्तंभांत अठरा कळा आणि अंगठ्यास तीन, मिळून एकवीस, दोन्हींच्या बेचाळीस. एकवीस कळांना एकवीस तारा लागत नाहीत. चार ओळी आणि सहा स्तंभ यांची जाळी केली की दहा तारांत काम भागते. मध्यवर्ती चकती एकेक तार क्षणार्धात तपासून कोणत्या छेदावर बोट पडले ते ओळखते. तीन कळा एकदम दाबल्या तर चौथीचा खोटा भास होऊ नये म्हणून प्रत्येक कळीशी एकेक डायोड बसवावा लागतो. बेचाळीस डायोडांना डाख देताना चष्म्याचा नंबर वाढल्याची खात्री पटते. डायोडावरील काळी रेघ सर्वत्र एकाच दिशेस हवी, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

दोन्ही भागांत नॉर्डिक या नॉर्वेतील कंपनीची एकेक चकती आणि लहानशी लिथियम बॅटरी आहे. मध्ये तार नाही. उजवा भाग डाव्याला बिनतारी निरोप देतो आणि डावा दोघांच्या वतीने संगणकाशी बोलतो. थोरल्या भावावर बोजा अधिक, म्हणून त्याची बॅटरी लवकर उतरते. तिचा आकार मोठा ठेवावा. हे सर्व चालविणारी ‘झेडएमके’ नावाची आज्ञावली मुक्त असून ती कोणासही आपल्या सोयीप्रमाणे बदलता येते. पेटी सागवानाची आहे. ॲल्युमिनियमची शोभली असती, पण धातूच्या पेटीत बिनतारी लहरी कोंडतात. लाकूड त्यांना वाट देते. एके काळी रेडिओ ऐकण्यासाठीही घरोघरी परवाना काढावा लागे, हे वयस्कर श्रोत्यांना आठवत असेल. या लहरींचा पट्टा अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी सरकारने २००५ साली परवानामुक्त केला, म्हणून माझ्यासारख्याचा हा उद्योग कायद्यात बसतो. कचेरीच्या यंत्रास मात्र मी हा कळफलक जोडीत नाही. तेथील गोपनीयतेची शिस्त वेगळी आहे, आणि तशीच असावी.

कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही, केवळ कळीचा क्रमांक पाठवितो. तो क की ख हे संगणक ठरवितो. ही गोष्ट कळली की बेचाळीस कळांत मराठी कशी मावते ते उमगते. कृपेतला ऋकार आणि ‘ऑफिस’मधील स्वर यांच्या मूळ जागा माझ्या फलकावर नाहीतच. उजव्या अंगठ्याची एक कळ धरून ठेवली की ओकाराच्या कळीतून ॉ उमटतो. डाव्या अंगठ्याची धरली की र च्या कळीतून ृ. उच्चाराने जवळची अक्षरे एकाच बोटावर ठेवली, म्हणून ती पाठ करावी लागली नाहीत. तरी पहिला महिना कठीण गेला. पंचवीस वर्षांची सवय बोटे सहजी सोडीत नाहीत, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा फलक मोडला का, म्हणून हळहळतो.

माझी नेमणूक सध्या बंगळूरला आहे आणि मुलगी शाळेत कानडी शिकते. इनस्क्रिप्टमध्ये कानडी क मराठी क च्याच कळीवर असतो, ळ सुद्धा ळ च्या. त्यामुळे लिपी बदलली तरी बोटे तीच राहतात आणि फलक आम्ही दोघे वापरतो. कानडीत ह्रस्व एकार आणि ह्रस्व ओकार वेगळे आहेत. एकाराची जागा खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला आहे. मराठीत ती कळ रिकामीच होती. ओकाराची मूळ कळ मात्र माझ्या बेचाळिसांत नाही. तिच्यासाठी करंगळीखालची एक जागा मी सुचविली. मुलीला ती पसंत नाही, तिला अंगठ्याखालचीच हवी आहे.